एकट्या बागेला शेजार कुठून आणावा?

प्रश्न : एकटा मांडव (येवला तालुका)

सर्वांना नमस्कार. येवला तालुक्याच्या ईशान्य भागात, पालखेड कालव्याचे पाणी जिथे पोहोचत नाही अशा एका गावात माझी दोन एकर द्राक्षबाग आहे. डॉगरिज खुंटावर (म्हणजे मुळे पुरवणाऱ्या रोपावर) थॉमसन या द्राक्षवाणाचे कलम, ठिबक आणि अस्तराचे शेततळे एवढ्या भांडवलावर चार वर्षांपूर्वी मी हे धाडस केले. गावात बाकी सगळे कांदा, मका आणि कापूस करणारे आहेत. जत्रेतल्या मोठ्या पाळण्याकडे पाहावे तसे ते माझ्या मांडवाकडे कौतुकाने पाहतात, पण त्यात बसायला अजून कोणी तयार झालेले नाही.

मागच्या हंगामात गोडी छाटणीनंतर, म्हणजे माल धरण्यासाठीच्या ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, फुटीवर पाच-सहा पाने आली होती आणि घड नुकते दिसू लागले होते, तेव्हा सलग तीन दिवस पाऊस झाला. चौथ्या दिवशी पानांवर तेलकट, पिवळसर डाग दिसले. मी फोटो काढून तीन व्हॉट्सअॅप गटांवर टाकला. एका गटात डाऊनी (केवडा हा बुरशीचा रोग) असल्याचे सांगण्यात आले, दुसऱ्या गटात तो औषधाचा चट्टा ठरला आणि तिसऱ्या गटातून एका औषधाचे नाव आले, जे आमच्या जवळच्या दुकानात नव्हते. पिंपळगाव बसवंतहून ते मागवून माझ्या हातात पडेपर्यंत डाऊनी घडांवर उतरली होती आणि जवळजवळ एका एकराचा माल गेला.

त्याच आठवड्यात निफाडजवळच्या माझ्या एका नातेवाइकांची बाग मात्र सुखरूप राहिली. तुम्हाला वेळेवर कसे कळले, असे मी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मला काही कळले नव्हते. पहाटे साडेचारला शेजारच्याचा फवारणीचा ब्लोअर सुरू झाल्याचा आवाज आला, म्हणून मीही उठलो."

हे वाक्य ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. हवामानाचा अंदाज माझ्याकडे आहे, सल्लागार महिन्यातून दोनदा येतात, चर्चासत्रांचे व्हिडिओ मी रात्री बसून पाहतो. थोडक्यात, निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला जी माहिती मिळते, ती जवळजवळ सगळी मलाही मिळते. तरीही नवे वाण, नवे यंत्र, नवी फवारणीची पद्धत तिकडे आधी रुजते आणि माझ्यापर्यंत दोन-तीन हंगामांनी येते. माहिती सगळीकडे सारखी पोहोचत असताना शेतीतले नवे तंत्र ठरावीक पट्ट्यांतच का घडते आणि का टिकते, हे मला समजून घ्यायचे आहे. आणि ज्याच्या बांधाला बांध लागून दुसरी बाग नाही, त्याने ही उणीव कशी भरून काढावी, हा माझा दुसरा आणि जास्त निकडीचा प्रश्न आहे.

उत्तर १ : कादवाकाठ (निफाड तालुका)

दादा, तुमच्या नातेवाइकांनी जे सांगितले ते आमच्या पट्ट्यातल्या कोणत्याही माणसाने सांगितले असते. माझी बाग तीस वर्षांची आहे, आणि मला जे येते त्यातले निम्मे मी कोणाला विचारून शिकलेलो नाही. दुसऱ्याच्या बागेवरून येता-जाता ते डोळ्यांत भरत गेले.

यामागचे कारण आपल्या पिकातच आहे. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपतो आणि वर्षातून एकदाच त्याची छाटणी होते. आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून त्या काडीवर माल घ्यायचा, ही दोन छाटण्यांची रीत महाराष्ट्रातल्या बागायतदारांनी अंगवळणी पाडली. त्यामुळे बाहेरच्या देशातले पुस्तक इथे जसेच्या तसे लागू पडत नाही. केव्हा काय करायचे याचे मोजमाप आपल्या बोलीत तयार झाले आहे. पहिले डिपिंग, म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे, मणी तीन-चार मिलिमीटरचा झाल्यावर करावे असे कागदावर लिहिलेले असते, पण मजुराला आम्ही सांगतो की मणी ज्वारीएवढा झाला की बुडवा आणि हरभऱ्याएवढा झाला की दुसऱ्यांदा बुडवा. घड जिरण्याचेही तसेच आहे. फूट निघाल्यावर घडाच्या जागी नुसती बाळी (वेलाचा ताणा) होऊ लागली, तर ते तीन-चार पानांवर असतानाच ओळखावे लागते, आणि त्या वेळचा घडाचा रंग व त्याची मान फोटोत नीट येत नाही. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा शेजारच्या आबांनी माझ्या हातातली फूट उलटी करून दाखवली होती. त्यानंतर मला ते पुन्हा कोणी समजावून सांगावे लागले नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बागा दाट असल्या की त्यांच्याभोवती बाकीचे जग जमते. पिंपळगाव, ओझर, दिंडोरी या पट्ट्यात गोडी छाटणीआधी काडी तपासून तिच्या डोळ्यात (कोंबात) घड आहे की नाही हे सांगणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, रात्री दहालाही शटर वर करून देणारे औषधवाले आहेत, शीतगृहे आहेत आणि ब्लोअर दुरुस्त करणारे फिटर आहेत. यातल्या फिटरची गोष्ट मुद्दाम सांगतो. आमच्या रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये काही वर्षांपूर्वी चार-पाच जण आपापले ब्लोअर घेऊन एकच तक्रार सांगू लागले, की मांडवाच्या मधल्या भागात फवारा पोहोचतो पण कडेचे घड कोरडे राहतात. एकट्यादुकट्याने सांगितले असते तर फिटरने ट्रॅक्टर हळू चालवा म्हणून वाटेला लावले असते. पण पाचव्या माणसाने तेच सांगितल्यावर त्याने नोझलची कमान कापली, दोन्ही टोकांच्या नोझलचा कोन बदलून पुन्हा वेल्ड केली आणि समोरच्या बागेत नुसते पाणी मारून पाहिले. तीन वेळा कापाकापी झाल्यावर ते जमले. पुढच्या हंगामात आजूबाजूच्या गावांतले बरेच ब्लोअर तसे झाले होते, आणि यासाठी कोणीही चर्चासत्र घेतलेले नव्हते. तुमच्या गावात ब्लोअर एकच आहे, म्हणून त्याची तक्रार ही फक्त तुमची तक्रार राहते.

उत्तर २ : बांधावरचा मास्तर (नाशिक)

मी कृषी अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. दुसऱ्या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार बागायतदारांचा.

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रायन आणि ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी मक्याच्या संकरित बियाण्याचा प्रसार कसा झाला याचा अभ्यास केला आणि तो १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी २५९ शेतकऱ्यांशी बोलून पाहिले, तेव्हा १९२८ ते १९४१ या काळात दोघे वगळता सर्वांनी ते बियाणे स्वीकारलेले होते. त्यातली लक्षात ठेवण्यासारखी बाब अशी, की बियाण्याची पहिली वार्ता बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली होती, पण ते पेरायचे हे मन मात्र शेजाऱ्यांमुळे झाले. वार्ता आणि विश्वास या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्या वेगवेगळ्या वाटांनी येतात. आपले व्हॉट्सअॅप गट हे त्या विक्रेत्याच्या जागी आहेत आणि पहाटेचा ब्लोअर शेजाऱ्याच्या जागी. दहा वर्षांनंतर, १९५३ मध्ये, स्वीडनचे भूगोलतज्ज्ञ हेगरस्ट्रांड यांनी नकाशावर दाखवून दिले, की कुरणसुधारणेच्या अनुदानासारखी साधी गोष्टसुद्धा ज्यांनी ती आधी स्वीकारली त्यांच्या आसपासच दाट होत जाते आणि तेल कागदावर पसरावे तशी बाहेर सरकते.

मात्र शेजार म्हणजे नुसता लागून असलेला बांध नव्हे. घानामधल्या अननस उत्पादकांवरील कॉनली आणि उड्री यांचा २०१० मधला अभ्यास इथे फार उपयोगी पडतो. तिथे अननस हे नवे निर्यातपीक होते आणि खत किती द्यावे याबद्दल कोणाचीच खात्री नव्हती. त्यांनी प्रत्येकाला थेट विचारले, की शेतीबद्दल तुम्ही कोणाशी बोलता. ज्याच्याशी बोलणे होते अशा माणसाला अपेक्षेपेक्षा चांगले पीक आले, की शेतकरी आपल्या खताचे प्रमाण त्याच्या प्रमाणाकडे सरकवत होते, आणि ही सरकवासरकव नवख्यांमध्ये जास्त होती. मका आणि कसावा या मुरलेल्या पिकांत मात्र असे काहीच आढळले नाही, कारण तिथे शिकण्यासारखे फारसे उरलेलेच नव्हते. यावरून शेजाऱ्याचा उपयोग कधी होतो हे स्पष्ट होते. पीक नवे हवे, त्याचे नेमके प्रमाण अनिश्चित हवे, आणि मुख्य म्हणजे त्याने काय केले व त्याला काय मिळाले ही दोन्ही टोके तुम्हाला दिसायला हवीत. व्हॉट्सअॅपवर आपल्याला सल्ला दिसतो, पण सल्ला देणाऱ्याच्या बागेचे पुढे काय झाले हे सहसा दिसत नाही. एकटा मांडव यांच्या तीन गटांत तीन उत्तरे आली, त्यांतले कोणते खरे ठरले हे त्या गटांना आज तरी माहीत आहे का?

डच अर्थभूगोलतज्ज्ञ रॉन बोश्मा यांनी २००५ मध्ये जवळीक पाच प्रकारची असते असे मांडले. भौगोलिक, सामाजिक, संस्थात्मक, संघटनात्मक आणि विचारांची, म्हणजे एकाचे बोलणे दुसऱ्याला कळण्याइतकी समान जाण असण्याची. त्यांचे म्हणणे असे, की भौगोलिक जवळीक एकटी पुरेशी नसते आणि ती दर वेळी अनिवार्यही नसते. आपल्याच पिकातला पुरावा पाहा. सोनाका हा वाण सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसनच्या बागेतून निवडला आणि तास-ए-गणेश तासगावकडून आला. ही दोन्ही ठिकाणे नाशिकपासून तीनशे किलोमीटरहून दूर आहेत. तरी ते वाण इथे आले आणि रुजले, कारण १९६० पासून काम करणाऱ्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाने नाशिक, पुणे, सोलापूर आणि सांगली या विभागांच्या बागायतदारांना एका मांडवाखाली आणले होते. संघटनेने तिथे अंतराची जागा भरून काढली.

एकटा मांडव

मास्तर, आपल्या शेवटच्या प्रश्नाने मी खजील झालो. डाग औषधाचा आहे असे ज्यांनी सांगितले होते, त्यांना पुढे काय झाले हे मी कधीच कळवले नाही. माल गेल्यावर लिहावेसे वाटले नाही, हे खरे कारण.

उत्तर ३ : मोसमखोरे (बागलाण)

इथे शेजाराचे गुणगान फार झाले, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

आमच्या सटाणा भागात अर्ली द्राक्षे होतात. निफाडकर गोडी छाटणीला ऑक्टोबरमध्ये हात घालतात, तर आमच्याकडे जून ते ऑगस्टच्या दरम्यान छाटणी होऊन डिसेंबर-जानेवारीत, बाजार मोकळा असताना, माल निघतो. पावसात फुलोरा धरायचा म्हणजे डोक्यावर टांगती तलवार असते, पण आमच्याकडे पाऊस कमी, म्हणून हा जुगार परवडतो. सुरुवातीला ज्यांनी ही छाटणी केली त्यांना द्राक्षातल्या जाणत्यांनी वेड्यात काढले होते. ते निफाडच्या मधोमध राहत असते, तर चारही बांधांवरून झालेल्या चेष्टेने दुसऱ्याच वर्षी ऑक्टोबरला परतले असते. नवे करायला कधीकधी थोडे दूर असावे लागते.

चूक तर शेजारात ज्ञानाइतक्याच वेगाने पसरते. खरड छाटणीनंतर वेलीचा जोम आवरून काडीत घड चांगला तयार व्हावा म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला आपण बागेत सीसीसी म्हणतो, वर्षानुवर्षे वापरले जात होते. एकाने मारले म्हणून दुसऱ्याने मारले, आणि फायदा डोळ्यांना दिसत होता, म्हणून कोणी शंका घेतली नाही. २०१० मध्ये युरोपात त्याचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि कंटेनर अडकले. एप्रिल-मेमध्ये मारलेले औषध पुढच्या वर्षीच्या मण्यात उतरते, हे शेजाऱ्याच्या बांधावरून कोणाला दिसणार होते? ते युरोपातल्या प्रयोगशाळेने दाखवले. डोळ्यांना जे दिसते तेवढ्यापुरताच बांधावरचा शेजारी खरा असतो. जे दिसत नाही, त्यासाठी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रासारखे लांबचे शेजारी लागतात.

डाळिंबाची गोष्ट त्याहून कडू आहे. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात भगवा या वाणाने घरे उभी केली, हे सर्वांना माहीत आहे. ज्याची बाग चांगली दिसली त्याच्याकडून गुटी कलमे आणायची, ही आमची ज्ञानाची देवाणघेवाण होती, आणि त्याच कलमांबरोबर तेल्या हा जिवाणूजन्य रोग गावोगाव गेला. मीही सोयऱ्याच्या बागेतून कलमे आणली होती, चहा पिऊन, गप्पा मारून, पिशवीत ओल्या गोणपाटात गुंडाळून. तिसऱ्या वर्षी फळांवर काळे डाग आणि भेगा आल्या, तेव्हा तो माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे पाहत होतो.

म्हणून येवलेकरांना माझे सांगणे असे, की तुमच्या एकटेपणात एक फायदाही आहे. बांधाला लागून दुसरी बाग नाही, तर शेजारच्या बागेतून येणारा डाऊनीचा दाबही तुमच्यावर कमी आहे. तुमची हवा, तुमची जमीन आणि तुमचे पाणी यांची नोंद तुम्हीच ठेवली पाहिजे. निफाडची तारीख उचलून छाटणी करू नका.

उत्तर ४ : विरळणी (दिंडोरी)

मी सासऱ्यांची सहा एकर बाग पाहते. वरची सर्व चर्चा वाचली आणि एका गोष्टीचे आश्चर्य वाटले, की इतके पुरुष ज्ञान कसे फिरते यावर बोलले आणि बागेत प्रत्यक्ष हात चालवणाऱ्यांचा कोणी उल्लेखही केला नाही.

आमच्याकडे छाटणीला, डिपिंगला आणि विरळणीला (घडातले जादा मणी काढायला) पेठ आणि सुरगाणा भागातून टोळ्या येतात. एक टोळी एका हंगामात अनेक बागांमध्ये काम करते. कोणत्या बागेत घडाला किती पाकळ्या (उपशाखा) ठेवल्या, कोणाचे मणी लांबले, कोणाचे डिपिंग उशिरा झाल्यामुळे गळ झाली, हे सगळे त्यांनी हाताने केलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले असते. दोन वर्षांपूर्वी आमच्या बागेत विरळणी चालू असताना टोळीतल्या एका बाईंनी कात्री थांबवून मला विचारले, "ताई, तुम्ही घडाचा शेंडा ठेवता का? त्या वरच्या बागेत शेंडा मारत्यात आणि घड आखूड, भरीव होतो." आम्ही दोन ओळींवर शेंडा मारून पाहिला आणि काढणीला पेटीत ते घड बसवताना फरक कळला. वरच्या बागेचे मालक आणि आम्ही एकमेकांशी बोलत नाही, बांधाचा वाद आहे. तरी त्यांची युक्ती आमच्याकडे पोहोचली, ती त्या बाईंच्या कात्रीतून. मास्तरांच्या पाच जवळिकींमध्ये ही कुठे बसते ते त्यांनी सांगावे.

एकटा मांडव दादा, तुम्ही गावातलेच कांदा लावणारे मजूर बागेत घेत असाल, तर तुमची खरी अडचण तिथे आहे. एका हंगामापुरती, जाण्यायेण्याचे भाडे आणि राहण्याची सोय करून, आमच्या भागात काम केलेली टोळी बोलवा. तुमच्या गावातल्या चार बाया त्यांच्याबरोबर ओळीला लावा, आणि दुपारी भाकरी खाताना स्वतः तिथे जाऊन बसा.

उत्तर ५ : बांधावरचा मास्तर

विरळणी ताई, ती त्या पाचांपैकी कोणत्याही एकात नीट बसत नाही, हे मान्य करतो. ज्ञान माणसाबरोबर चालत जाते हे आमच्या विषयात शिकवले जाते, पण उदाहरण देताना आम्ही नोकरी बदलणाऱ्या अभियंत्याचे देतो. पुढच्या सत्रापासून तुमच्या कात्रीचे देईन. परवानगी आहे ना?

एकटा मांडव

सर्वांचे मनापासून आभार. मोसमखोरे यांनी सांगितल्याप्रमाणे छाटणी, पाऊस, फवारणी आणि आलेला परिणाम यांची वही आजपासून सुरू केली आहे. तिच्या पहिल्या पानावर मागच्या वर्षीचा बुडालेला एकर लिहिला आणि तेच पान तिन्ही गटांवरही पाठवले. औषधाचा चट्टा म्हणणाऱ्या गृहस्थांचा रात्री फोन आला. त्यांची बाग चांदवड तालुक्यात आहे आणि त्यांच्याही गावात दुसरी बाग नाही, हे मला आजवर माहीत नव्हते. आम्ही दोघांनी मिळून टोळी बोलवायचे ठरवले आहे, म्हणजे भाडे अर्धे-अर्धे होईल.

कादवाकाठ, आपल्याला एक विनंती आहे. छाटणीआधी आमच्या गावातल्या चार बाया आणि मी असे दोन दिवस आपल्या बागेत आलो, तर चालेल का? कामात अडथळा येणार नाही याची काळजी घेऊ, मजुरीही नको.

कादवाकाठ

या. मात्र छाटणीच्या आधी येऊ नका, त्या वेळी बागेत पाहण्यासारखे काही नसते. फूट पाच-सहा पानांवर आली की कळवतो, तेव्हा मुक्कामाच्या तयारीने या. सोबत तुमच्या बागेतल्या चार फुटी ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. आणि पहाटे साडेचारला उठायची तयारी ठेवा, आमचे शेजारी अजून लवकरच ब्लोअर काढतात.